स्विचची उतरंड आणि एकहाती कारभार

गारगोटी : संगणक प्रयोगशाळा उभारताना चर्चा होते ती संगणकांच्या संख्येची, इंटरनेटच्या वेगाची आणि फार तर इन्व्हर्टरच्या क्षमतेची. या सर्व संगणकांना एकमेकांशी जोडणारा ‘नेटवर्क स्विच’ भिंतीवरच्या लोखंडी पेटीत बंद असतो आणि तो बंद पडेपर्यंत त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. संगणक पन्नासच्या आत असतील तर एखादा स्विच पुरतो. ते दोन-तीनशेच्या घरात गेले की सहा-सात स्विच लागतात. हे स्विच सुटे न ठेवता एकत्र जोडून एकाच यंत्रासारखे चालविण्याच्या पद्धतीला ‘स्टॅकिंग’ म्हणतात. मराठीत त्याला जवळचा शब्द आहे तो ‘उतरंड’. स्वयंपाकघरात एकावर एक रचलेल्या मडक्यांसारखेच हे स्विचही रॅकमध्ये एकावर एक बसविलेले असतात. फरक इतकाच, की उतरंडीतले खालचे मडके काढले तर वरची सारी कोसळतात. नीट बांधलेल्या स्टॅकमधला कोणताही एक स्विच गेला तरी उरलेले चालू राहतात. मात्र हे ‘नीट बांधणे’ कारखान्यातून होऊन येत नाही. ते जागेवर, स्विच सांभाळणाऱ्यालाच करावे लागते.

तालुक्याच्या गावाचा प्रश्न

पुण्या-मुंबईतील कंपनीत स्विच बिघडला तर तासाभरात अभियंता हजर होतो आणि गोदामातून बदली यंत्र येते. तालुक्याच्या गावाची गोष्ट वेगळी असते. गारगोटी हे भुदरगड तालुक्याचे मुख्यालय वेदगंगेच्या काठी, कोल्हापूरपासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. शिक्षणतज्ज्ञ डॉ. जे. पी. नाईक यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या श्री मौनी विद्यापीठामुळे ग्रामीण शिक्षणाच्या इतिहासात या गावाचे नाव नोंदले गेले. तंत्रनिकेतन, महाविद्यालय, शाळा, तहसील कचेरी, बँका आणि पतसंस्था अशा सर्व ठिकाणचा दैनंदिन कारभार आज अशा गावांतही संगणकाच्या जाळ्यावर अवलंबून आहे.

शासनाने गेल्या दोन दशकांत गावापर्यंतची वाट बांधण्यावर मोठा भर दिला. राज्यव्यापी जाळ्यांची, म्हणजे ‘स्वान’ची योजना केंद्र सरकारने मार्च २००५ मध्ये मंजूर केली. ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडण्याच्या योजनेला २०११ मध्ये मान्यता मिळाली. तिलाच पुढे ‘भारतनेट’ हे नाव देण्यात आले. पण फायबर इमारतीच्या दारापर्यंत येते. तेथून टेबलावरच्या संगणकापर्यंतचे शेवटचे ५०-१०० मीटर हे त्या संस्थेच्या स्विचचे असतात, आणि त्यांची जबाबदारी बहुधा प्रयोगशाळा साहाय्यकावर किंवा संगणकाची आवड असलेल्या एखाद्या शिक्षकावर येऊन पडते.

या जबाबदारीचे मोलही वाढले आहे. अभियांत्रिकी व औषधनिर्माणशास्त्राच्या प्रवेशासाठीची राज्याची सीईटी परीक्षा २०१९ पासून संगणकावर घेतली जाऊ लागली. अशा परीक्षा अनेक ठिकाणी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतच होतात. परीक्षा चालू असताना जाळे पाच मिनिटे बंद पडले, तर त्या पाच मिनिटांत साठ विद्यार्थ्यांचे काळीज हातात येते.

स्विच करतो काय?

संगणकाकडून आलेली माहिती नेमकी ज्या संगणकासाठी आहे त्याच तारेवर पोहोचविणे, हे स्विचचे काम. त्यापूर्वीच्या ‘हब’ नावाच्या पेट्या आलेली माहिती सर्व तारांवर एकदमच सोडून देत. चावडीवर दवंडी पिटावी तसा तो प्रकार होता. स्विच पोस्टमनसारखा घराचा पत्ता पाहून पत्र टाकतो. इथरनेट जाळ्यासाठीचा पहिला स्विच १९९० मध्ये अमेरिकेतील ज्या कंपनीने बाजारात आणला, तिचे नाव होते ‘कल्पना’. विनोद भारद्वाज हे तिच्या संस्थापकांपैकी एक. ही कंपनी १९९४ मध्ये सिस्को कंपनीने विकत घेतली.

मोठ्या स्विचला साधारणतः २४ किंवा ४८ पोर्ट, म्हणजे तारा जोडण्याच्या खाचा असतात. एक तीन मजली महाविद्यालयीन इमारत डोळ्यांसमोर आणावी. साठ-साठ संगणकांच्या तीन प्रयोगशाळांचे १८०, कार्यालयाचे ३०, ग्रंथालयाचे २० आणि कॅमेरे व वायफायचे ४० मिळून २७० पोर्ट लागतात. ४८ पोर्टचे सहा स्विच घेतले तर २८८ पोर्ट मिळतात. आता हे सहा स्विच सुटे ठेवले तर सहा पत्ते, सहा पासवर्ड आणि सहा ठिकाणची सेटिंग सांभाळावी लागतात. कार्यालयाचे जाळे विद्यार्थ्यांच्या जाळ्यापासून वेगळे ठेवायचे ठरले, तर तोच बदल सहा ठिकाणी करावा लागतो. पाच ठिकाणी तो अचूक होतो; सहाव्या ठिकाणी राहिलेली चूक सहा महिन्यांनी डोके वर काढते.

‘स्टॅक’ या एका शब्दाचे तीन अर्थ

बाजारात ‘स्टॅक’ हा शब्द तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. खरेदीच्या वेळी नेमकी येथेच फसगत होते. पहिला अर्थ अगदी साधा, म्हणजे एकावर एक ठेवलेले आणि नेहमीच्या तारेने जोडलेले स्विच. ते दिसायला उतरंड असले, तरी कारभारात स्वतंत्रच राहतात.

दुसरा अर्थ व्यवस्थापनापुरत्या एकीचा. यात एक स्विच ‘कमांडर’ होतो आणि त्याच्या एकाच पत्त्यावरून इतरांपर्यंत पोहोचता येते. एचपीच्या प्रोकर्व्ह मालिकेत आणि सिस्कोच्या ‘क्लस्टर’ पद्धतीत असे १६ स्विचपर्यंतचे गट बांधता येत. येथे दरवाजा एक असतो, पण आतल्या खोल्या वेगळ्याच. प्रत्येक स्विचचे कॉन्फिगरेशन निराळे राहते.

तिसरा अर्थ म्हणजे खरा स्टॅक. यात स्विचच्या पाठीमागील खास पोर्ट खास केबलने जोडलेले असतात आणि सर्व मिळून बाहेरच्या जगाला एकच मोठा स्विच दिसतो. त्याचा पत्ता एक, पासवर्ड एक आणि कॉन्फिगरेशनही एकच. सिस्कोने २००३ मध्ये कॅटॅलिस्ट ३७५० मालिकेबरोबर ‘स्टॅकवाइज’ नावाने ही पद्धत आणली. त्यात नऊ स्विच एकत्र येत आणि त्यांच्यातील अंतर्गत मार्गाची क्षमता सेकंदाला ३२ गिगाबिट होती. जुनिपरने २००८ मध्ये ईएक्स ४२०० मालिकेत दहा स्विच जोडण्याची सोय दिली. सिस्कोच्या अलीकडच्या कॅटॅलिस्ट ९३०० मालिकेत ही क्षमता ४८० गिगाबिटपर्यंत गेली आहे. वेगवेगळ्या कंपन्यांचे, आणि बहुतेक वेळा एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या मालिकांचेही स्विच अशा स्टॅकमध्ये एकत्र नांदत नाहीत. म्हणून निविदेत नुसते ‘स्टॅकेबल’ लिहून भागत नाही. स्टॅकची केबल आणि लागत असल्यास तिचे मॉड्यूल किमतीत धरले आहे की नाही, हेही पाहावे लागते.

वर्तुळ पूर्ण हवे

स्टॅकच्या केबल माळेसारख्या जातात. पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात आणि अखेरच्यातून पुन्हा पहिल्यात. ही शेवटची, वरपासून खालपर्यंत येणारी लांब केबल पुष्कळ ठिकाणी बसविलेलीच नसते. कारण ती नसतानाही स्टॅक सुरू होतो, दिवे हिरवे लागतात आणि बिल मंजूर होते. फरक कळतो तो बिघाडाच्या दिवशी. वर्तुळ पूर्ण असेल आणि मधली एक केबल निघाली, तर माहिती उलट्या दिशेने फिरून पोहोचते. वेग घटतो, पण काम थांबत नाही. वर्तुळ अपुरे असेल तर त्याच एका केबलमुळे स्टॅकचे दोन तुकडे होतात. दोन्ही तुकड्यांकडे एकच कॉन्फिगरेशन आणि एकच पत्ता असल्याने गावात एकाच घरक्रमांकाची दोन घरे असावीत, तसा घोळ होतो.

बाहेर जाणाऱ्या वाटेलाही हाच न्याय लागू आहे. इंटरनेट आणि सर्व्हरकडे जाणाऱ्या दोन तारा असतील, तर त्या एकाच स्विचमध्ये न घालता पहिल्या आणि शेवटच्या स्विचमध्ये विभागून घालाव्यात आणि त्यांची एकत्रित जोडणी करावी. परीक्षेच्या प्रयोगशाळेतील साठ संगणकही दोन-तीन स्विचमध्ये वाटून द्यावेत. स्टॅक टिकला तरी मेलेल्या स्विचला जोडलेले संगणक बंदच पडतात. तारा वाटलेल्या असतील तर साठांऐवजी वीसच संगणक थांबतात आणि त्यांच्या तारा शिल्लक पोर्टमध्ये हलविता येतात.

मुकादम कोण?

ऊसतोडणीच्या टोळीत प्रत्येक जण आपापला कोयता चालवतो, पण कारखान्याशी बोलणे आणि हिशेब ठेवणे मुकादमाकडे असते. स्टॅकचे तसेच आहे. माहिती पुढे पाठविण्याचे काम प्रत्येक स्विच स्वतःच्या चिपवर करतो. सर्वांचा कारभार मात्र एकाकडे असतो. त्याला पूर्वी ‘मास्टर’ म्हणत; नव्या यंत्रांत ‘अॅक्टिव्ह’ हा शब्द आला आहे. त्याच्या जागी उभा राहण्यास तयार असलेला तो ‘स्टँडबाय’.

हा मुकादम निवडला जातो तो प्राधान्यक्रमाच्या आकड्यावरून. सिस्कोच्या यंत्रांत हा आकडा १ ते १५ असा असतो आणि मोठा आकडा असलेला जिंकतो. कारखान्यातून येताना सर्वांचा आकडा १ च असतो. तो कोणीच बदलला नाही, तर बरोबरी फोडण्यासाठी अखेर यंत्राच्या ‘मॅक’ पत्त्याकडे पाहिले जाते आणि ज्याचा पत्ता लहान तो मुख्य ठरतो. हे पत्ते उत्पादनाच्या ओघात वाढत जात असल्याने, सर्वांत लहान पत्ता बहुधा सर्वांत जुन्या स्विचचा निघतो. म्हणजे कोणी काहीच ठरविले नाही, तर जाळ्याची सूत्रे सर्वांत थकलेल्या यंत्राकडे जाण्याची शक्यता अधिक. म्हणून मुख्य ठरवायच्या स्विचला १५, त्याच्या वारसाला १४ आणि इतरांना खालचे आकडे देणे हे पहिल्याच दिवशीचे काम आहे. आकडा बदलल्याने चालू मुख्य स्विच लगेच पायउतार होत नाही. बदल पुढच्या निवडीत लागू होतो.

ही निवड वीज आल्यावर होते, आणि तालुक्याच्या गावात वीज जाणे-येणे नित्याचे. स्विच सुरू झाल्यावर इतरांची वाट पाहण्याची मुदत जुन्या ३७५० मालिकेत २० सेकंद होती. सिस्कोच्या नव्या मालिकांत ती १२० सेकंद आहे. निम्मे स्विच यूपीएसवर आणि निम्मे थेट विजेवर असतील, तर उशिरा उठलेला स्विच मोठा आकडा असूनही मुख्य होत नाही. म्हणून संपूर्ण रॅक एकाच क्षमतेच्या आधारावर असावा. वळवाच्या दिवसांत विजा कडाडतात तेव्हा एका इमारतीतून दुसरीत गेलेली तांब्याची केबल स्विचचे पोर्ट जाळण्यास कारण ठरते. इमारतींमधील जोडणी फायबरने करणे आणि रॅकला योग्य अर्थिंग देणे, हा खर्च स्विचच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

बदली करताना

स्टॅकमधील प्रत्येक स्विचला क्रमांक असतो आणि पोर्टचे नाव त्यावरून ठरते. ‘तीन, शून्य, सतरा’ म्हणजे तिसऱ्या स्विचचे सतरावे पोर्ट. हे क्रमांक वरून खाली आपोआप लागत नाहीत. रॅकमध्ये सर्वांत वर असलेला स्विच आतून चौथा असू शकतो. म्हणून क्रमांक ठरवून देऊन त्याची चिठ्ठी प्रत्येक स्विचच्या दर्शनी भागावर चिकटवावी.

जळालेला स्विच बदलताना होणारी सर्वांत महाग चूक म्हणजे नवा स्विच आधी विजेवर सुरू करून मग स्टॅकची केबल जोडणे. सुरू असलेला नवा स्विच स्वतःला एकट्याचा मुख्य समजत असतो. केबल जोडताच दोन मुख्य समोरासमोर येतात, निवड होते आणि हरलेल्या बाजूचे सर्व स्विच बंद होऊन पुन्हा सुरू होतात. हरणारी बाजू जुन्या स्टॅकची निघाली, तर पूर्ण इमारतीचे जाळे जाते आणि कोऱ्या स्विचचे कॉन्फिगरेशन सर्वांवर बसते. त्यामुळे क्रम असा हवा : नव्या स्विचमधील जुनी सेटिंग आधी पुसावी, मॉडेल आणि आतील सॉफ्टवेअरची आवृत्ती जुळते का पाहावे, वीज बंद ठेवून स्टॅकच्या दोन्ही केबल बसवाव्यात आणि शेवटी वीज द्यावी. मग तो मुकाट्याने सदस्य म्हणून सामील होतो आणि हरवलेल्या क्रमांकाची सेटिंग त्याला मिळते.

एकीचा धोका

सहा स्विचचा एक झाला म्हणजे सहा ठिकाणचे कष्ट वाचले. पण एका चुकीचा फटकाही सहापट झाला. चुकीची एक आज्ञा सहाही स्विचवर एकाच क्षणी लागू होते. आतील सॉफ्टवेअर अद्ययावत करताना बहुधा संपूर्ण स्टॅक पुन्हा सुरू करावा लागतो. म्हणून असे काम परीक्षेच्या आठवड्यात नव्हे, सुट्टीच्या दिवशी हाती घ्यावे.

दुसरा धोका वेटोळ्याचा. एखाद्या विद्यार्थ्याने मोकळी दिसणारी केबल भिंतीवरच्या दुसऱ्या खाचेत घातली, की माहिती गोल फिरत राहते आणि क्षणार्धात जाळे तुंबते. असे वेटोळे ओळखून बंद करणारी ‘स्पॅनिंग ट्री’ ही पद्धत संगणकशास्त्रज्ञ राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये तयार केली. आधुनिक स्विचमध्ये ती असते. स्टॅकचा लाभ असा, की संगणकांच्या सर्व पोर्टवर ही राखण एकाच वेळी बसविता येते. तोटा असा, की राखण काढून टाकली तर सहाही स्विचचा एकच मुकादम त्या गोंधळात गुदमरतो.

तिसरा धोका विसराळूपणाचा. अनेक स्विचमध्ये केलेला बदल लगेच लागू होतो, पण कायमचा साठविला जात नाही. साठविण्याची आज्ञा द्यायची राहिली तर पुढच्या वेळी वीज गेल्यावर तो नाहीसा होतो. बदल करणारी व्यक्ती तोवर बदलून गेलेली असेल तर कोणालाच उलगडा होत नाही. म्हणून प्रत्येक बदलानंतर साठवण करावी आणि कॉन्फिगरेशनची प्रत स्विचबाहेर, दुसऱ्या संगणकावर ठेवावी. जाळे बंद असताना स्विचपर्यंत पोहोचण्याचा एकच मार्ग उरतो तो कन्सोल केबलचा. ती रॅकमध्येच बांधून ठेवावी. दूरवरून स्विच हाताळताना जुन्या ‘टेलनेट’ऐवजी ‘एसएसएच’ वापरावे. टेलनेटमध्ये पासवर्ड उघडाच प्रवास करतो.

प्रत्येक ठिकाणी उतरंड नको

स्टॅक हा सर्व रोगांवरील उपाय नव्हे. दोन लहान स्विचच्या कार्यालयाला त्याची गरज नसते. इमारती दूर-दूर असतील, तर खास स्टॅकच्या केबल तेथे पोहोचत नाहीत. त्यांची लांबी बहुधा अर्ध्या मीटरपासून तीन मीटरपर्यंत असते. काही कंपन्यांचे स्विच साध्या फायबर पोर्टवरूनही स्टॅक बनवितात. परंतु दोन इमारतींमधील फायबर जेसीबीने तोडले तर स्टॅकच दुभंगतो. अशा ठिकाणी प्रत्येक इमारतीचा स्विच स्वतंत्र ठेवणे अधिक सुरक्षित असते. उपलब्ध पैशांत सातवा स्विच घेता येत असेल, तर तो स्टॅकमध्ये न घालता त्याच मॉडेलचा राखीव म्हणून कपाटात ठेवण्याचा विचार व्हावा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात कोल्हापूर जिल्ह्यातील रस्ते बंद पडले तेव्हा बाहेरून सुटा भाग मागवून घेणे हा पर्यायच उरला नव्हता.

वारणेचा धडा

कोल्हापूर जिल्ह्याने जाळ्यांचा एक मोठा प्रयोग यापूर्वीच पाहिला आहे. वारणानगरच्या सहकारी संकुलाभोवती १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील ७० गावांत संगणक केंद्रे उघडून ती साखर कारखान्याच्या कारभाराशी जोडण्यात आली. देशभर त्याची चर्चा झाली. पुढे २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात, काही गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या लघुसंदेशांवरून तीच उसाची माहिती पोहोचविण्याचा प्रयोग झाला. संगणकांचा वापर प्रामुख्याने तेवढ्याच कामासाठी होत होता आणि ते चालू ठेवण्याचा खर्च जड जात होता. यंत्र आणणे आणि यंत्र सांभाळणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे त्यातून दिसले.

स्टॅकच्या बाबतीत सांभाळण्याचे हे काम फार मोठे नाही. महिन्यातून एकदा स्विचची यादी दाखविणारी आज्ञा द्यावी. सिस्कोच्या यंत्रात ती ‘शो स्विच’ अशी आहे. मुख्य कोण, वारस कोण, सर्व सदस्य ‘रेडी’ आहेत का आणि वर्तुळ पूर्ण आहे का, हे त्यातून आणि तिच्या जोडीच्या आज्ञांतून कळते. निकाल तारखेसह एका वहीत लिहावा. त्याच वहीत स्विचचे क्रमांक, कोणत्या पोर्टला कोणती खोली जोडली आहे, हमीची मुदत आणि पुरवठादाराचा दूरध्वनी असावा. पासवर्ड मात्र बंद पाकिटात, प्राचार्यांच्या किंवा कार्यालयप्रमुखांच्या ताब्यात द्यावा. वर्षातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, मुख्य स्विचची वीज मुद्दाम काढून पाहावी. वारस किती वेळात उभा राहिला आणि कोणते संगणक बंद पडले, त्याची नोंद करावी. परीक्षेच्या दिवशी हीच गोष्ट आपोआप घडली, तर कोणत्या तारा कोठे हलवायच्या हे त्या वहीच्या पानावर आधीच लिहिलेले असेल.